जॅझ हे जॉबवर्कच होतं

ती रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. स्क्रीनचे दोन भाग. डावीकडे चाळीसच्या दशकातलं एखादं कृष्णधवल परदेशी गाणं, उजवीकडे आपलं हिंदी. वर लाल अक्षरांत ‘चोरी पकडली’, खाली हसून हसून रडणारे चेहरे. तीस सेकंदांत खटला संपतो. सी. रामचंद्र चोर, शंकर-जयकिशन चोर, पंचम तर सराईत.

मला या रीलचा राग येतो. चाली उचलल्या नव्हत्या म्हणून नाही. उचलल्या होत्या, काही तर दिवसाढवळ्या. राग येतो तो याचा की ही रील एकच प्रश्न विचारते: चाल कुठून आली? वाजवलं कोणी, हा प्रश्न त्या तीस सेकंदांत येतच नाही. डावीकडच्या गाण्याचं नाव, वर्ष, गायिका सगळं लिहिलेलं असतं. उजवीकडे संगीतकाराचं नाव आणि त्यापुढे शिवी. ट्रम्पेटवाला, बोंगोवाला, बासरीवाला, ज्याने कागदावर नोटेशन उतरवलं तो, सगळे गायब. म्हणजे ज्याला आपण चोर म्हणतो त्याला निदान नाव तरी आहे. बाकीच्यांना तेवढाही मान नाही.

या रीलचं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे १९५०च्या ‘समाधी’मधलं ‘गोरे गोरे’. संगीत सी. रामचंद्र. म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. चाल ‘चिको चिको’ या गाण्यावरून घेतलेली आहे, यात वाद नाही. पण डावीकडच्या गाण्याची कुंडली कोणी मांडली आहे का? ‘चिको चिको’ आलं १९४५च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूडपटातून. गाणं पोर्टो रिकोच्या माणसाबद्दल. शब्द हॅरॉल्ड ॲडमसनचे, चाल जिमी मॅकह्यूची, दोघेही अमेरिकन. पडद्यावर गायलं कार्मेन मिरांडाने, जी जन्माने पोर्तुगीज आणि वाढली ब्राझीलमध्ये. मग लंडनच्या एदमुंदो रोसच्या बँडने ते वाजवलं, आणि तो जन्माने त्रिनिदादचा. या सगळ्या वरातीत पोर्टो रिकोचा माणूस औषधालाही नाही. ज्याला तुम्ही ‘ओरिजिनल’ म्हणून डाव्या खिडकीत बसवता तेच मुळात चार देशांतून गोळा केलेलं आहे. पुणतांब्याच्या माणसाने त्यात पाचवा देश घातला, तर एकदम पोलीस केस.

हॉलिवूडला लॅटिन अमेरिका हवी होती म्हणून त्यांनी ती स्टुडिओत तयार केली. आपल्याला नाचाचं गाणं हवं होतं म्हणून आपण ते दादर-ताडदेवला तयार केलं. फरक एवढाच की मॅकह्यूला पैसे मिळायला हवे होते आणि नाव जायला हवं होतं. ती फसवणूक खरी, तिचा बचाव मी करणार नाही. पण ‘मिश्रण’ हा शब्द एकाला आणि ‘चोरी’ हा शब्द दुसऱ्याला, हे वाटप कोणत्या तराजूने होतं, ते बघायला हवं.

त्यासाठी एक तबकडी घेऊ. १९५९, न्यूयॉर्क. हर्बी मान नावाचा ब्रुकलिनचा ज्यू तरुण, खरं नाव हर्बर्ट सॉलोमन, एका क्लबमध्ये बासरी वाजवतो आणि त्याची एलपी निघते. नाव स्पॅनिश: ‘फ्लाउटिस्टा!’, म्हणजे बासरीवाला, पुढे उद्गारचिन्ह. मागे व्हायब्राफोन, बास, आणि कोंगा-बोंगोवाल्यांची फौज: कार्लोस ‘पटाटो’ वाल्देस, होझे मांगुअल. जॅझमध्ये बासरीला मध्यभागी उभं करून तिच्याखाली क्यूबाचा ताल पसरणाऱ्या सुरुवातीच्या तबकड्यांपैकी ही एक. ऐका. बासरी पाखरासारखी बागडत नाही, ती तालाला टोचे मारते. छोटे छोटे तुकडे, परत परत तेच, प्रत्येक वेळी जरा वेगळ्या जागी. कोंगावाला उत्तर देतो. सुरांपेक्षा फुंकरीचा आवाज जास्त ऐकू येतो कधी कधी, आणि तेच छान वाटतं.

बासरी जॅझमध्ये इतकी उशिरा का आली याचं कारण अगदी साधं आहे: ती ऐकूच येत नव्हती. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ड्रम यांच्या गदारोळात मायक्रोफोनशिवाय बासरीचं काय होणार? म्हणून बरीच वर्षं ती सॅक्सोफोनवाल्याच्या बॅगेत पडून असायची, मधूनच एखाद्या गाण्यापुरती बाहेर यायची. क्यूबात मात्र वेगळं घडलं होतं. तिथल्या ‘चरांगा’ वाद्यवृंदांत व्हायोलिनं, ताल आणि सगळ्यांच्या वर लाकडी बासरी. ती अगदी वरच्या पट्टीत वाजवायची, म्हणजे नाचणाऱ्यांच्या गर्दीतूनही कापत जाते. त्यामुळे जॅझच्या बासरीवाल्याला शिकायला उस्ताद सापडला तो हवानाच्या बाजूला. अल्बेर्तो सोकारास हा क्यूबन तर विसाच्या दशकाच्या शेवटीच न्यूयॉर्कमध्ये जॅझच्या रेकॉर्डवर बासरी वाजवून गेला होता. म्हणजे ‘लॅटिन मिश्रण’ ही मानने वरून भुरभुरलेली कोथिंबीर नव्हती. बासरीला जॅझमध्ये जागा मिळाली तीच लॅटिनच्या बोटाला धरून.

तालाचं गणितही आपल्याला परकं नाही. मांडीवर आठ मोजा, पण असे: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. प्रत्येक ‘एक’वर जोर. तीन अधिक तीन अधिक दोन. क्यूबाच्या अर्ध्याअधिक संगीताचा सांगाडा हा आहे. आता हेच केहरव्याच्या आठ मात्रांवर ठेवून बघा. बसतं की नाही? ढोलकी वाजवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. चाळीस-पन्नासच्या दशकात रुंबा-सांबा मुंबईत आले आणि इतक्या लवकर घरचे झाले, त्यामागे नक्कल करण्याची हौस जितकी होती तितकाच हा आठाचा हिशेबही होता.

‘फ्लाउटिस्टा!’वर ‘कॅरॅव्हॅन’ हे गाणंही आहे. सगळं जग त्याला ड्यूक एलिंग्टनचं म्हणतं. ते रचलं एलिंग्टनच्या बँडमधल्या हुआन तिजोल या ट्रॉम्बोनवाल्याने, आणि तो खरोखरच पोर्टो रिकोचा. (सापडला एकदाचा!) त्याने आपले हक्क सुरुवातीला किरकोळ रकमेला विकून टाकले होते. हे सगळं माहीत असूनही मानच्या तबकडीला कोणी ‘चोरी पकडली’ म्हणत नाही. समीक्षकांनी त्याला बाजारू म्हणून हिणवलं, पण चोर नाही. ब्रुकलिनचा माणूस क्यूबाचा ताल घेतो तेव्हा ते ‘ब्लेंड’ असतं. पुणतांब्याचा घेतो तेव्हा रील बनते.

आता मुंबई.

१९६८मध्ये एचएमव्हीने एक एलपी काढली, ‘राग जॅझ स्टाइल’. कव्हरवर नाव शंकर-जयकिशन. अकरा राग, अकरा तुकडे: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियां मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी, भैरवी. प्रत्येक तुकडा फिल्मी गाण्याएवढ्याच लांबीचा. रईस खानांची सतार राग उभा करते, आणि तो पुरता उभा राहायच्या आत लेस्ली गोदिन्होचे ड्रम खालून सुरू होतात, कधी स्विंगकडे झुकणारे, कधी लॅटिनकडे. सोबत रमाकांत यांचा तबला. मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, जॉन परेराचा ट्रम्पेट, एडी ट्राव्हासचा बास, दिलीप नाईकांचं गिटार, आणि बासरीवर सुमन.

इंटरनेटवर या तबकडीबद्दल दोनच प्रकारचं बोलणं सापडतं. एक गट म्हणतो, जगातलं पहिलं इंडो-जॅझ! ते खोटं आहे. लंडनमध्ये जो हॅरियट आणि कोलकात्याहून तिकडे गेलेला जॉन मेयर यांनी १९६६ मध्येच ‘इंडो-जॅझ स्वीट’ काढली होती, तिच्यातही बासरी आहे. ‘पहिलं’ हा आपला राष्ट्रीय आजार आहे, त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही. दुसरा गट जाणकारांचा. त्यांच्या मते हे खरं जॅझ नव्हेच. तुकडे आखूड, सुधारून-फुलवून वाजवायला जागा नाही, सगळं लिहून दिलेलं, वास फिल्मी.

या जाणकारांना मला विचारायचं आहे की फिल्मी वास हा दोष कधीपासून झाला? वाजवणारे तेच होते. सकाळी नायिकेच्या एंट्रीला वाजवायचं, दुपारी क्लबच्या दृश्याला, संध्याकाळी पार्श्वसंगीताला. ज्यांना साडेतीन मिनिटांत, पहिल्या वाचनात, शंभर लोकांबरोबर, चूक न करता वाजवावं लागतं त्यांच्या अंगात आखूडपणा मुरलेलाच असणार. त्यांनी एकाच तुकड्यात राग, सतार, ट्रम्पेट, ड्रम सगळं बसवलं ते त्या शिस्तीमुळे. रागाचा विस्तार नाही म्हणून तुम्ही रडताय; मला त्यात माणसं घड्याळाकडे बघत वाजवतायत हे ऐकू येतं. तिलककामोद आटोपशीर आहे कारण पुढची शिफ्ट लागायची आहे. (हे मी माझ्या मनाने म्हणतेय. पण एकदा तसं ऐकून बघा.)

मला शिफ्ट ऐकू येते याला कारण आहे. मी साकीनाक्याला, खैरानी रोडवरच्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या गाळ्यात हिशेब बघते. चलनं लिहिणं, रिजेक्शनचा माल मोजून घेणं, पेमेंटसाठी पार्टीच्या मागे लागणं. आमच्याकडून निघालेल्या एकाही वस्तूवर आमचं नाव नसतं. डबा पार्टीचा, झाकण पार्टीचं, झाकणावर उठवलेलं नाव पार्टीचं. याला जॉबवर्क म्हणतात. डाय त्यांची, दाणा त्यांचा, मशीन आणि हात आमचे, पैसे नगावर. तुमच्या घरातला निम्मा प्लास्टिकचा संसार असल्याच कुठल्या तरी गाळ्यात जन्मलेला असतो, आणि तुम्हाला फक्त झाकणावरचं नाव माहीत असतं.

चोरीबद्दल म्हणाल तर नक्कल हा आमच्या रस्त्याचा धंदाच आहे. पार्टी एक सॅम्पल घेऊन येते आणि म्हणते, असंच पाहिजे. बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय, बघून बनवायचं. आमच्याकडे येणारे डायवाले चाचा यावर फक्त हसतात. सॅम्पलच्या मापाने डाय कापली तर माल लहान निघतो. प्लास्टिक थंड होताना आकसतं. किती आकसणार ते दाण्यावर, जाडीवर, मशीनच्या तापमानावर ठरतं. म्हणून डाय सॅम्पलपेक्षा जराशी मोठी कापावी लागते, आणि ‘जराशी’ म्हणजे किती हे चाचांना माहीत असतं, सॅम्पल आणणाऱ्याला नाही. हुबेहूब तसंच हवं असेल तर हुबेहूब तसं कापून चालत नाही.

‘चिको चिको’चंही तेच झालं. ती चाल नाचाच्या बँडची. इकडे तिला मुखडा हवा, अंतरे हवेत, अंतऱ्यांच्या मध्ये वाजवायचे तुकडे हवेत, लताबाई आणि अमीरबाई कर्नाटकींच्या दोन वेगळ्या आवाजांना जागा हवी, आणि सगळं ७८च्या तबकडीच्या एका बाजूत मावायला हवं. जे मूळ गाण्यात नव्हतं ते कोणीतरी बसून लिहिलं. संगीतकार पेटीवर चाल देई. पण ट्रम्पेटने काय करायचं, व्हायोलिनांचे किती भाग करायचे, बासरी कुठे सोडायची, हे बहुतेक वेळा अरेंजर नोटेशनमध्ये उतरवी. आणि हे नोटेशन वाचता येणारी, लिहिता येणारी माणसं मुंबईत मोठ्या संख्येने होती ती गोव्याची.

गोव्यात १९६१पर्यंत पोर्तुगीज. चर्चला जोडलेल्या शाळांत पोरांना सूर वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. म्हणजे प्रार्थनेसाठी तयार केलेले हात. पुढे पोट भरायला ते मुंबईला आले, धोबीतलावच्या ‘कूड’मध्ये गाववार राहिले आणि हॉटेलांत, क्लबांत, मूकपटांच्या थेटरांत वाजवायला लागले. तीसच्या दशकात ताजमध्ये लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझवाले येऊन वाजवून गेले. त्यांच्याकडून या मुलांनी थेट कानांनी शिकून घेतलं. आल्डोनाचा आंतोनियो शाव्हियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग. सेबास्टियन डिसोझा फाळणीआधी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत होते, फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशनचे अरेंजर झाले. १९४९च्या दारूबंदी कायद्याने मुंबईच्या क्लबांचा धंदा बसला, तशी या मंडळींची रीघ स्टुडिओंकडे लागली. मोरारजीभाईंच्या नैतिकतेने हिंदी सिनेमाला ट्रम्पेट पुरवले, असं म्हणायला हरकत नाही.

सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट आणि त्याचा बँड पडद्यावर दिसतो, अंगात झालरीवाले लॅटिन शर्ट. ते गाणं यूट्यूबवर काढा आणि एकदा भगवानदादांकडे न बघता त्या बँडकडे बघा. गोव्याची मुलं, पोर्तुगीज आडनावं, क्यूबाचे कपडे, आर्मस्ट्राँगची फुंकर, आणि गाणं पुणतांब्याच्या माणसाचं. याची ‘ओरिजिनल’ रील कुठे शोधणार आहात तुम्ही?

आणि फक्त गोवाच असं नाही. मनोहारी सिंग मूळ नेपाळी कुटुंबातले, वाढले बंगालात. त्यांचं शिक्षण कुठे झालं? कोलकात्याजवळच्या बाटानगरात, बूट बनवणाऱ्या कारखान्याच्या बँडमध्ये. हे वाचलं तेव्हा मी गाळ्यातल्या खुर्चीत ताठ बसले. सॅक्सोफोनइतकीच त्यांना चावीची बासरी येत असे, म्हणजे चांदीसारख्या चकचकीत धातूची, बोटांखाली चाव्या असलेली, १८४७मध्ये बोएमने बसवलेल्या रचनेची. बांबूच्या बासरीत बोटाचं पेर भोकावरून हळूच सरकवून मींड काढता येते. चावीच्या बासरीत ते अवघड, पण वेग आणि पट्टी बदलणं सोपं. मुंबईच्या स्टुडिओत दोन्ही लागायच्या. नायक गावात असला की बांबू, नायक क्लबात गेला की चावी. न्यूयॉर्कमध्ये बासरीला आत यायला क्यूबाची चिठ्ठी लागली. आपल्याकडे ती आधीपासूनच घरात होती. पन्नालाल घोषांनी तर बासरी लांब करून, सातवं भोक पाडून, तिला मैफलीत बसवलं होतं आणि ते मुंबईच्या सिनेमातही काम करत होते.

आता माझ्या भांडणाचा खरा मुद्दा. १९६८च्या त्या एलपीवर वादकांची नावं आहेत. त्याच माणसांनी त्याच वर्षी ज्या शेकडो फिल्मी गाण्यांत वाजवलं, त्यांच्या तबकड्यांवर ती नाहीत. माणसं तीच, वाद्यं तीच, शिफ्ट तीच. मग फरक कशाचा? फरक लेबलवरच्या ‘जॅझ’ या शब्दाचा. जॅझच्या तबकडीवर कोण काय वाजवतंय ते छापायचं, ही तिकडची रीत. मानच्या बोंगोवाल्याचं नाव आज मला साकीनाक्यात बसून माहीत आहे ते त्या रीतीमुळे. मुंबईत ती रीत एका तबकडीपुरती पाळली गेली. माल जॅझ म्हणून विकायचा होता तेव्हा वादकांना नावं आली. माल सिनेमा म्हणून विकला तेव्हा ती गेली. म्हणजे नावं छापता येत नव्हती असं नाही. छापायची नव्हती.

यावर मालकाचं उत्तर मला पाठ आहे, रोज ऐकते: पैसे दिले ना? विषय संपला. वादकांना शिफ्टचे पैसे मिळत आणि अनेकांना ते चांगले मिळत, हे खरं आहे. त्या पैशांनी वांद्र्याला घरं झाली, मुलं शिकली. मी त्यांना बिचारे म्हणत नाही. पण शिफ्टचे पैसे घेतले म्हणजे नाव विकलं, असा करार कोणी केला होता? झाकणावर गाळ्याचं नाव नसतं हे मी समजू शकते. झाकण झाकण असतं, कोणत्याही गाळ्यातून आलं तरी बाटली बंद होते. मनोहारी सिंगांच्या जागी दुसरा कोणी वाजवला असता तर ते गाणं ते गाणं राहिलं असतं का? नसतं. मग तो माल नगावर मोजण्याचा नाही.

कायदा बघाल तर आणखी चीड येते. आपल्याकडे वाजवणाऱ्याचा, गाणाऱ्याचा असा स्वतंत्र हक्क कॉपीराइट कायद्यात आला तोच १९९४च्या दुरुस्तीने. २०१२ला पुन्हा दुरुस्ती झाली, रॉयल्टीची भाषा आली, आपण टाळ्या वाजवल्या. पण त्याच दुरुस्तीत ‘परफॉर्मर’ कोण याच्या व्याख्येला एक शेपूट जोडलं आहे. त्याचा अर्थ साध्या मराठीत असा: सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव कुठेही, श्रेयनामावलीतही, दिलं जात नाही, तो (त्याच्या कामाची मोडतोड झाली तर तक्रार करण्यापुरता सोडून) परफॉर्मर धरला जाणार नाही. कायद्याच्या मनात गर्दीत उभा राहणारा एक्स्ट्रा असेल कदाचित. पण ‘धंद्याची रीत’ हे शब्द वाचा पुन्हा. ज्या धंद्याने पन्नास-साठ वर्षं वादकाचं नाव दिलं नाही, त्याच धंद्याची रीत आता वादकाला ‘किरकोळ’ ठरवायला साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. नाव दिलं नाही म्हणून तू कलाकार नाहीस, आणि कलाकार नाहीस म्हणून नाव द्यायची गरज नाही. असं चलन मी लिहिलं तर सीए मला हाकलून देईल.

स्ट्रीमिंगवाल्यांना तर कोणी अडवलेलंही नाही. कागद संपत नाही, जागा संपत नाही, रकाना वाढवायला खर्च नाही. तरी ‘राग जॅझ स्टाइल’ शोधली की बहुतेक ठिकाणी शंकर-जयकिशन, फार तर सोबत रईस खान. गोदिन्हो नाही, परेरा नाही, सुमन नाही. १९६८मध्ये पुठ्ठ्यावर जे मावलं ते तुमच्या क्लाउडमध्ये मावत नाही?

आपल्या मराठी लिहिणाऱ्यांनाही यातून सोडता येणार नाही. घराणी, नाट्यसंगीत, भावगीत यांवर आपण कपाटंच्या कपाटं लिहिली आणि चांगली लिहिली. पण परळ-दादरच्या चाळींत रोज रेडिओवर जे वाजत होतं, त्या ट्रम्पेटमागे कोण होतं याचा शोध कोणी घेतला? मुंबईच्या जॅझवर पुस्तक लिहिलं नरेश फर्नांडिसांनी, ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’, इंग्रजीत. सिनेमातल्या वादकांच्या मुलाखती घेत हिंडला ग्रेगरी बूथ हा परदेशी अभ्यासक, त्याचं ‘बिहाइंड द कर्टन’ २००८ला आलं, तेही इंग्रजीत. दोघांचे उपकार आहेत, वर मी सांगितलंय त्यातलं बरंच अशाच वाचनातून आलंय. पण पणजी आपल्यापासून एका रात्रीच्या बसवर आहे, आणि वसई तर लोकलवर. आपल्याला तिथवर जाता आलं नाही. ‘ती ख्रिश्चन मंडळी’ या तीन शब्दांत आपण अर्ध्या शतकाचा हिशेब मिटवून टाकला. साकीनाक्याच्या शेजारी मरोळ गावठाणात ईस्ट इंडियन लोक लग्नात बँड लावतात आणि घरात मराठीच बोलतात, आपल्यापेक्षा जुनी मराठी. तरी आपल्या डोक्यात ट्रम्पेट म्हणजे परका आणि पेटी म्हणजे आपली. पेटी युरोपातून आली हे कोण सांगणार!

सामान्य माणसाला यांच्यातलं एकच नाव तोंडपाठ आहे: अँथनी गोन्साल्विस. ते का? तर १९७७मध्ये अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन ते ओरडला म्हणून. मजोर्ड्याचे खरे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. १९५८मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा मोठा वाद्यवृंद उभा केला, सेंट झेवियर्सच्या आवारात राग आणि सिम्फनी एकत्र वाजवली, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. ‘राग जॅझ स्टाइल’च्या दहा वर्षं आधी. पुढे ते अमेरिकेला गेले, परत येऊन गोव्यात राहिले, २०१२मध्ये वारले. शिष्याने गुरूचं नाव अजरामर केलं खरं, पण विनोदी गाण्यात घालूनच करावं लागलं.

तर मागणं काय आहे? चोरीच्या रील बंद करा, असं मी म्हणणार नाही. कोणी ऐकणारही नाही. पण तुम्ही, जे हे फोनवर वाचताय आणि ज्यांच्याकडे रील कापायचं कौशल्य आहे, तुम्ही उजव्या खिडकीत नावं टाका. संगीतकार, अरेंजर, आणि सापडतील तेवढे वादक. सापडणं सोपं नाही, कारण लिहिलेले पार्ट रेकॉर्डिंग झाल्यावर बहुतेक वेळा कोणी जपून ठेवत नसे. कुठल्या रद्दीत गेले असतील ते साकीनाक्याच्या माणसाला सांगायला नको.

माणसं मात्र थोडी उरली आहेत, ऐंशीच्या पुढची. वांद्र्याला, वसईला, सासष्टीच्या गावांत. तुमच्या ओळखीत, तुमच्या सोसायटीत, मैत्रिणीच्या आजोबांत कोणी असेल जो ‘पूर्वी सिनेमात वाजवायचे’ एवढंच सगळ्यांना माहीत आहे. फोन घेऊन जा, रेकॉर्डर चालू करा, आणि गाणं लावून फक्त विचारा: अंकल, हा तुकडा कोणाचा? ते लगेच सांगतील. त्यांना सगळ्यांची नावं माहीत असतात, कोण उशिरा आलं होतं तेसुद्धा.